कानावरचा फेटा

नायजेरियातल्या आमच्या अबेओकुटात लग्न कुणाचंही असो, बायका डोक्याला फेटा बांधून घ्यायला माझ्याच दारात येतात. आमच्याकडे थोरल्या बाईला मामा म्हणतात, आणि या इबिडुन मामाने बांधलेला फेटा नाचतानासुद्धा ताठ उभा राहतो.

सून मोरोलाके म्हणाली, "आई, तुमची पद्धत फोटोंसकट इंटरनेटवर टाकते. जग शिकेल." पण शेवटचा फोटो मजकुराशेजारी बसेना, म्हणून बाईसाहेबांनी माझा चेहरा कापला आणि उरलेला फेटा तिरका करून कोपऱ्यात बसवला.

"अगं, पडतोय तो!" मी ओरडले.

"असंच असतं हल्ली, आई. पान कसं भरल्यासारखं दिसतं बघा."

पुढे तिच्या भावाचं लग्न आलं. मांडवात सगळ्या बायकांचे फेटे ठरल्याप्रमाणे एकाच निळ्या कापडाचे, आणि एकजात डाव्या कानावर कललेले! मला हसू आवरेना. "कुठल्या आंधळीनं बांधले गं हे?"

शेजारी बसलेली एक अनोळखी पोरगी दयेनं म्हणाली, "मामा, चुकलाय तो तुमचाच. असा खांबासारखा सरळ कुणी बांधतं का?" तिनं फोनवर तोच बिनचेहऱ्याचा फोटो उघडून दाखवला. "ही बघा, इबिडुन मामांची पद्धत. त्यांच्यापुढे सगळ्या कच्च्या."

"अगं, इबिडुन मामा मीच!"

तिनं माझ्या फेट्याकडे पाहिलं आणि फिस्सकन हसली.


मी इकडेतिकडे बघितलं, आणि माझा फेटा हळूच डाव्या कानावर कलवला.