प्रश्न चौदावा

‘त्या कंपनीने एकामागून एक अकरा कंपन्या गिळल्या आणि तुम्ही नुसते शिक्के मारत बसलात,’ वनिताने उत्तराची सुरुवातच अशी ठोकली. मोठ्या कंपन्यांचे सौदे तपासणाऱ्या सरकारी कचेरीने तिला प्रश्नावली धाडली होती. एक बलाढ्य परदेशी कंपनी तिच्या जुन्या भागीदारणीचं, चारुशीलाचं ॲप विकत घेत होती. त्याने धुळ्यातल्या वनिताच्या तशाच ॲपचं काय नुकसान होईल, एवढंच तिने सांगायचं होतं.

अहिराणीत बोललेलं लिहून देणारं ते ॲप दोघींनी एकाच टेबलावर बसून तयार केलं होतं. त्यात भरलेला पहिला आवाज वनिताच्या आईचा, भाजीवालीशी भांडतानाचा. मग या दोघीही भांडल्या, वेगळ्या झाल्या, एकाची दोन ॲप झाली. आवाज मात्र दोन्हीकडे राहिला.

तेरा उत्तरं तिने दणादण लिहून काढली. नवरा मागून वाचत म्हणाला, “अगं, सरकारला लिहितेयस की चारूला?”

“तुम्ही गप्प बसा.”

चौदावा प्रश्न होता, ‘त्या कंपनीने तुम्हालाही विकत घेण्याची तयारी दाखवली होती का?’ वनिताची बोटं थांबली. मार्चपासून तिनेच त्यांना ‘माझंही ॲप घ्या’ म्हणून तीन पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

‘नाही,’ तिने लिहिलं. मग राहवेना, म्हणून खाली जोडलं, ‘सौदा थांबवा नाहीतर होऊ द्या. पण त्यांना एवढं विचाराच. आवाज माझ्या आईचा, दोन्हीकडे तोच, मग त्यांना चारूचंच दार कसं सापडलं? उत्तर मला लेखी हवंय.’