दहा मिनिटांचा समुद्र

"डोळे उघडे ठेवा सिस्टर, समुद्र दिसेल," म्हणत मेट्रनबाईंनी व्हीआरचा तो जड चष्मा माझ्या डोक्याला बांधला. आमचा ताण कमी करायला म्हणे. एका पाळीत चाळीस पेशंटना आम्ही दोघी. तिसरी नर्स मागून वर्ष झालं, आणि आला काय, तर समुद्र. वर फॉर्म भरायचा, बसताना ताण किती, उठताना किती.

नियम मात्र एक बरा होता. चष्मा घातलेल्या सिस्टरला दहा मिनिटं कुणी हाक मारायची नाही, तिचे पेशंट मेट्रनबाईंनी बघायचे.

महिन्याभराने चष्म्याच्या कंपनीचा माणूस तपासायला आला. "अहो, हा तीन आठवडे चार्जच केलेला नाही," तो मेट्रनबाईंना म्हणाला. त्यांनी गोंधळून फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला. सगळ्याजणींनी लिहिलं होतं, खूप बरं वाटलं.

"बंद चष्म्यात तुम्ही बघत काय होतात?" त्याने मला विचारलं.

"अंधार," मी म्हणाले आणि त्याच्या हातातून चष्मा घेतला. "आता माझी दहा मिनिटं. मेट्रनबाई, बाराव्या खाटेचं सलाईन संपत आलंय, तेवढं बघा."