उसनं बोट

दुसऱ्या लाटेत उमरग्याच्या गुंडप्पा आडत्याला कोरोना झाला. गल्लीतून दवाखान्यात गेलेले दोघं परत आले नव्हते, म्हणून यानं घरीच बरं व्हायचं ठरवलं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "रोज ऑक्सिमीटरचा फोटो पाठवा. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की त्याच दिवशी भरती व्हायचं."

गुंडप्पाच्या बोटावर नव्वद आलं. मग त्यानं फोटोसाठी बायकोचं बोट पुढं ओढलं.

"अवं, आजार तुमचा अन् बोट माझं? डॉक्टरला कळलं म्हंजे?" गंगम्मा म्हणाली.

"बोटावर काय नाव गोंदलंय व्हय तुझ्या? बस अशी जवळ."

चार दिवस अठ्ठ्याण्णव गेलं, डॉक्टर खूश. पाचव्या दिवशी गुंडप्पानं चष्मा न लावताच फोटो धाडला, अन् लगेच फोन खणाणला. "गुंडप्पाशेट, काल अठ्ठ्याण्णव अन् आज ब्याऐंशी? आवरा पटकन, तुमच्यासाठी गाडी पाठवतोय."



गाडीवाल्यानं दारातून विचारलं, "पेशंट कोण?" तेव्हा गुंडप्पानं मुठीतलं गंगम्माचं निळसर बोट वर धरलं.