डावीकडची रोपं

या, जवळ बसा, एक गोष्ट सांगते. एका संशोधक बाईंनी तीन वर्षं खपून टोमॅटोच्या जनुकांत बदल केला, रोपांनी दुष्काळ सोसावा म्हणून. काचघरात डावीकडे बदललेली रोपं, उजवीकडे साधी. पाणी दोन्हीकडचं बंद. दहाव्या दिवशी पाहतात तर दोन्हीकडे सारखाच हिरवेपणा! "बदल फुकट गेला!" बाई वैतागल्या. रागाच्या भरात कुंडीतली माती चाचपायचंही राहिलं. शिल्लक बी नव्हतं, तरी जनुकं बदललेली रोपं बाहेर पसरू नयेत या नियमाप्रमाणे डावीकडची सगळी वाफेच्या यंत्रात घालून मारली. तेवढ्यात झाडलोटीच्या मावशी भरलेला मग घेऊन आल्या. "ताई, डावीकडची कुठं?" "टाकली. निकामी निघाली." "निकामी? उजवीकडची बिचारी माना टाकायची, त्यांना मी रोज गुपचूप पाणी पाजायचे. डावीकडच्यांनी कधी मागितलंच नाही." बाईंनी उजवीकडच्या कुंडीत बोट खुपसलं, माती ओली होती. देवापुढे मागायला हात जोडाल, तेव्हा न मागणाऱ्या त्या रोपांची आठवण ठेवा: लागणारं बळ त्यांना आधीच आत दिलेलं होतं.