दुभाजकापलीकडचं गिऱ्हाईक

साहेब, तुम्ही लबाडी केलीत. मॉलमुळे रस्ता तुंबेल का, हे ठरवायला तुम्ही पालिकेतर्फे गाड्या मोजल्यात त्या नेमक्या गुरुवारी. गुरुवारी आमची अख्खी पेठ बंद असते. रस्ता मोकळा दिसला आणि मॉलला परवानगी मिळाली.

मॉल उघडला, गाड्या तुंबल्या. मग तुम्ही माझ्या मॅचिंग सेंटरसमोरची दुभाजकातली वाट बुजवलीत आणि मॉलच्या दारासमोर नवी फोडलीत.

काल दुभाजकापलीकडून पाटणकर वहिनींनी हाक मारली. लेकीच्या लग्नातले झाडून सगळे ब्लाउजपीस माझ्याकडून नेलेली बाई, हातात मॉलची पिशवी घेऊन! साडी आणि नवा ब्लाउजपीस उन्हात धरून त्या ओरडल्या, "भाऊ, रंग जुळतोय का हो?"

"तिकडच्यांना विचारा की!"

"त्यांना काय कळतंय? तुम्ही सांगा."

कापड मॉलचं आणि नजर माझी! असा जळलो, साहेब. रंग साफ वेगळा होता. मी ओरडलो, "झकास जुळतोय, वहिनी!" त्या विश्वासाने हसल्या आणि गेल्या.

हे पाप माझं, ते मी निस्तरीन. पण माझी वाट बुजवून मॉलची कोणाच्या सांगण्यावरून फोडलीत? बोला.