फावडं
अर्ध्या चढावर ब्रिनने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला आणि तिची स्नोमोबिल, बर्फावर चालणारी गाडी, कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात रुतली.

"बाबा, वर या! माझ्या एकटीने नाही निघत ही!"

सकाळी तिच्या गाडीचं हँडल, पट्टा, सगळं स्वतःच्या हाताने जुळवून देणारे सासरे खाली जागचे हलले नाहीत. त्यांची नजर तिच्यावर नव्हतीच; वर डोंगराला लटकलेल्या बर्फावर होती.

"फावडं काय शोभेला दिलंय? खण!"

तासाभराने ती गाडी काढून खाली आली, ती संतापलेलीच. "दोन मिनिटांचं काम होतं. नुसते बघत राहिलात!"

"आमचा थोरला इथेच रुतला होता," ते म्हणाले. "त्याने हाक मारली, तशी मी लगेच गाडी वर घातली. दोन गाड्यांचा भार वरच्या त्या बर्फाला पेलला नाही; सगळा त्याच्यावर कोसळला."