चार वाजताचा फोन

बिस्किटांचा चौथा पुडा फोडण्याआधी शिंपीणबाईंनी मास्तरांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"किती झाले?"

"तीन."

"बरं. चौथा आहे तिथंच राहू द्या. पंधरा मिनिटं माझ्याशी बोला."

नवरा गेल्यापासून बाई खात सुटल्या होत्या. भूक नसताना, उभ्याउभ्या, दुकानाचा पडदा ओढून, पोटाला तडस लागेपर्यंत. उपाशी राहून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. लेक बोलून बोलून थकली आणि शेवटी तिनंच खाण्यावर ताबा न राहणाऱ्यांच्या एका गटात त्यांचं नाव घातलं. तिथं ना देव, ना शपथ. खाल्लेलं लिहायचं, तीन वेळा पानावर बसून जेवायचं आणि हाव उसळली की जोडीदाराला फोन करायचा. हाव पंधरा मिनिटांत ओसरते, असं गट चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगत.

जोडीदार मिळाले ते मास्तर. निवृत्त शिक्षक, गटातले सगळ्यांत जुने. गुडघ्यांमुळे ते बैठकीला येत नसत, त्यामुळे बाईंनी त्यांना पाहिलंच नव्हतं. आवाज मात्र ओळखीचा झाला. रोज चारला, गिऱ्हाईक नसताना, बाई फोन करत. मास्तर आज काय शिवलं ते विचारत. पँट धुऊन आटली म्हणून भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचं बाईंनी सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "पँटच आटते हो. माणूस कधी फुगत नाही." दोघंही हसली.

एकदा लेकीनं आणलेला अख्खा केक बाईंनी एकटीनं संपवला आणि फोनवर रडल्या. मास्तर रागावले नाहीत.

"पडलात, म्हणजे चालत होतात," ते म्हणाले. "उठा."

आठ महिने गेले. मग एका दुपारी कॉलर लावता लावता बाईंनी घड्याळ पाहिलं, तर साडेपाच वाजलेले. चारची आठवणसुद्धा झाली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्या टेप घेऊन मास्तरांच्या घरी गेल्या. त्यांना एक सदरा शिवून द्यायचा होता.

दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं. डोळे सुजलेले. बाईंनी ओळख सांगितली. मास्तरांमुळे मी सावरले, म्हणाल्या, आता फोनचीही गरज लागत नाही, तेवढं सांगायला आणि माप घ्यायला आले.

बायको टेपकडे पाहत राहिली.

"हा पुरायचा नाही," ती म्हणाली.

आतून कागद फाडल्याचा आवाज आला, पाठोपाठ घाईघाईनं चावल्याचा.

तिनं दार अर्धं लोटून घेतलं. "दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं ते खात नव्हते. चार दिवस झाले, तीही गेली."